अशोकाची साल म्हणून कंपाउंडचं झाड गळ्यात मारलं

लिहायला लाज वाटतेय. मी बीएएमएस, १८ वर्षं प्रॅक्टिस, आणि फसलो कशात तर अशोकाच्या सालीत. सेकंड इयरचं पोरगंसुद्धा सांगेल की सोसायटीच्या कंपाउंडला सरळसोट उभा असतो तो आसुपालव, औषधातला तो सीता अशोक. पाठ होतं हो सगळं. तरीपण.

साल विकणारा माणूस ओळखीतून आलेला. अर्धा किलो सॅम्पल कुरिअरने पाठवलं, ते एक नंबर होतं, आतून लालसर, चावलं की जीभ आखडणारं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. १२० किलो, १८५ रुपये भाव, झाले २२,२००. निम्मे ११,१०० आधी यूपीआयने, निम्मे पोती उतरल्यावर. टेम्पोचे १,४०० वेगळे.

आणि आता ती घडी, जी आठवली की अजून झोप उडते. पोतं उघडलं, एक तुकडा मोडायला गेलो तर तो मोडेचना, सोलत गेला. सुतळीसारखे लांब धागे हातात आले. आतला रंग पिवळट. मी ते धागे बोटाला गुंडाळत उभा होतो आणि स्वतःला सांगत होतो की माल ओला असेल, कोवळ्या फांदीची असेल. बाहेर अकरा पेशंट बसलेले, टेम्पोवाला हॉर्न मारतोय, अशात कोण चावून बघणार? दिले उरलेले ११,१००. चावायला दहा सेकंद लागतात. सॅम्पल चावलं होतंत ना, मग प्रत्येक पोत्यातलं चावा, पैसे त्यानंतर.

त्याहून वाईट म्हणजे काढ्यासाठी भरड करून ती पेशंटला दिलीसुद्धा. एक ताई, अंगावरून जास्त जायचं, वीस दिवसांनी येऊन म्हणाल्या काही फरक नाही, आणि मी शहाण्याने डोस वाढवला. त्या रात्री मात्र कॉलेजचा मायक्रोस्कोप कपाटातून काढला. साल उकळून मऊ केली, बटाट्यात धरून ब्लेडने पातळ काप घेतले, शेजारी सॅम्पलचे. सॅम्पलमध्ये कॉर्कच्या, म्हणजे सालीच्या बाहेरच्या बुचासारख्या थराच्या, खाली स्टोन सेल्सचा (जाड भिंतीच्या कडक पेशींचा) सलग थर, मधे मधे त्यांचेच पुंजके, पिवळे गोळे, प्रिझमसारखे क्रिस्टल, तंतूंच्या कडेनेही क्रिस्टलची रांग. अगदी फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, लिहिलंय तसं. पोत्यातल्या सालीत मेड्युलरी रेज (आतून बाहेर जाणाऱ्या पेशींच्या रांगा) बाहेरच्या बाजूला नरसाळ्यासारख्या रुंद झालेल्या, आणि तंतूंचे आडवे पट्टे एकाआड एक, पापुद्र्यांसारखे. म्हणूनच ती सुतळी! मी स्लाइडकडे बघून स्वतःलाच शिवी घातली. पावडर तर कधीच घेऊ नका, दळल्यावर हे पट्टे बिट्टे काही दिसत नाहीत.

फोन केला तर म्हणतो, 'सर, मार्केटमध्ये हाच अशोक चालतो.' मग ब्लॉक.

पोलीस स्टेशनला गेलो. साहेब म्हणाले झाडाची साल? बिल बघितलं, त्यावर 'अशोक छाल' एवढंच. म्हणे अशोक मागितला, अशोक दिला, फसवणूक कुठे झाली? मी स्लाइडचे फोटो दाखवले तर म्हणाले ही सोनोग्राफी आहे का. सर्टिफिकेट आणा. लॅबला २,९५० भरून रिपोर्ट आणला तर म्हणाले हा इंग्लिशमध्ये आहे, आणि हे प्रकरण औषधवाल्या ऑफिसचं. त्या ऑफिसात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा टेबल बदललं, तिसऱ्यांदा कळलं की तयार औषधात भेसळ असेल तरच या, कच्ची साल म्हणजे लाकूडफाटा, वनखात्याला विचारा. वनखात्यात विचारलं तर आसुपालव तोडला म्हणून तक्रार करायचीय का म्हणे! अहो तो रस्त्यारस्त्यावर आहे, मुद्दा तोच तर आहे, खरा अशोक जंगलात कमी झालाय म्हणून तर हा धंदा चालतो. बिलावर सीता अशोकाचं शास्त्रीय नाव, 'सराका असोका, खोडाची साल' असं लिहून घेतलं असतं तर निदान बोलायला तोंड राहिलं असतं. तुम्ही घ्या लिहून, तो हसला तरी घ्या.

एकूण २६,५५०. त्या ताईंना खरं सांगितलं, फी परत दिली, त्यांनी पुन्हा यायचं बंद केलं ते वेगळं.

पोती गच्चीवर आहेत. माल हलवू नका, माणूस पाठवतो असं ऑफिसातून सांगितलंय. त्याला आता नऊ आठवडे झाले, खाली वाळवी लागलीय.