साडेचारशे रुपयांचा लांब आरसा, स्विफ्ट आणि तीन ट्रॅक डे: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू आरशाचा आहे. टायर, एक्झॉस्ट, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) असलं काही वाचायला आला असाल तर निराशा होईल. गाडीतल्या ओरिजिनल आरशावर क्लिपने चढवतात तो ३०० मिमी लांबीचा, किंचित फुगीर काचेचा साधा आरसा. ठाण्यात माजिवड्याच्या एका अ‍ॅक्सेसरीवाल्याकडून घेतला, त्याने साडेपाचशे सांगितले, मी साडेचारशे दिले. बायको म्हणाली एवढ्याशा वस्तूवर कोण लिहित बसतं, पण गेल्या नऊ महिन्यांत गाडीवर केलेल्या खर्चात हाच एक खर्च असा आहे ज्याचा मला पश्चात्ताप नाही, म्हणून लिहितोय.

गाडी २०१८ ची स्विफ्ट, १.२ पेट्रोल मॅन्युअल, ८३ पीएस (म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर). रोज कासारवडवली ते ऐरोली. आणि वर्षातून दोन-तीनदा सुट्टी टाकून ट्रॅक डे, म्हणजे आपली रोजची गाडी, भाड्याचा ट्रॅक, पैसे भरायचे, सकाळी ब्रीफिंग ऐकायचं आणि वीस-वीस मिनिटांची सेशन्स मारायची. रेस नाही, नंबर नाही, कप नाही. तरी हेल्मेट डोक्यात गेलं की प्रत्येकाला वाटतं आपण क्वालिफायिंग करतोय, तो भाग वेगळा.

आता ८३ पीएसच्या गाडीने ट्रॅकवर गेलं की एक गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कळते, दिवसभर लोक आपल्याला ओव्हरटेक करणार आहेत. मी एकदा बसून हिशोब केला. समजा माझा लॅप ९० सेकंदांचा आणि मागच्याचा ७५ चा, तर साडेसात मिनिटांत तो मला एक पूर्ण लॅप गाठतो. म्हणजे एका सेशनमध्ये तोच माणूस दोन-तीनदा माझ्या मागे येणार, आणि तशा सहा गाड्या असल्या तर पंधराएक वेळा कोणी ना कोणी माझ्या बंपरला. कोइंबतूरचा कारी स्पीडवे २.१ किमीचा आहे, तिथे तर एकाला सोडेपर्यंत दुसरा आलेला असतो. चेन्नईचा श्रीपेरुंबुदूरजवळचा ट्रॅक ३.७ किमीचा, तिथे जरा श्वास घ्यायला मिळतो. म्हणजे माझ्यासारख्याची ट्रॅकवरची अर्धी ड्रायव्हिंग ही मागे बघून करायची ड्रायव्हिंग आहे, आणि हे कुणीच सांगत नाही, सगळे ब्रेकिंग पॉइंट (ब्रेक कुठे मारायचा) आणि एपेक्सच (वळणाच्या आतल्या कडेला कुठे टेकायचं) सांगत बसतात.

आरसा घेतला त्याचं कारण पहिला ट्रॅक डे. कुठला ट्रॅक ते सांगत नाही, कारण चूक शंभर टक्के माझी होती. ब्रीफिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं की ओव्हरटेक फक्त दोन सरळ पट्ट्यांवर, आणि पुढच्याने खिडकीतून हात बाहेर काढून ज्या बाजूने जायचं ती बाजू दाखवली तरच. उजव्या बाजूने पाठवायचं तर हात उजवीकडे, डावीकडून पाठवायचं तर हात छतावरून डावीकडे. सोपं आहे. पण तिसऱ्या सेशनला मागे एक पांढरी सेडान आली आणि माझा हात स्टिअरिंगवरून निघेचना, तेव्हा सवयीने डावा इंडिकेटर दिला. माझ्या डोक्यात अर्थ असा की मी डावीकडे सरकतोय, तुम्ही उजवीकडून जा. आपण ठाण्यात घोडबंदर रोडला हेच करतो ना. पण नाशिक हायवेला ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा तो उजवीकडे वळत नसतो, तो म्हणत असतो उजवीकडून जा बाबा, रस्ता मोकळा आहे. मागच्याने माझा इंडिकेटर ट्रकवाल्यासारखा वाचला आणि डावीकडून आला. पुढे उजवं वळण, त्याची तयारी करायला मी पण डावीकडे सरकलो, आणि तोवर तो माझ्या आरशातून गायब झाला होता. स्विफ्टची मागची काच म्हणजे टपालपेटीचं तोंड, त्यात मागचे खांब जाडजूड, गाडी शेजारी आली की आतल्या आरशात दिसत नाही आणि बाहेरच्यात अजून आलेली नसते. त्याने ब्रेक मारले, दोन चाकं गवतात गेली, बाकी काही झालं नाही.

सेशन संपल्यावर तो माणूस चालत आला. पन्नाशीचा, पुण्याचा. मला वाटलं आता शिव्या. शांतपणे म्हणाला, "अहो, डावा इंडिकेटर दिलात, मी डावीकडून आलो, मग तुम्ही पण डावीकडेच आलात. काहीतरी एक ठरवा." मी सॉरी म्हटलं. तर म्हणे, "हळू चालवता त्याचं काही नाही हो, हळूच चालवा. फक्त तुम्ही कुठे जाणार ते मला कळू द्या." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तर घरी आल्यावर आरसा शोधला. पहिला घेतला तो चुकला, ते आधी सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. या आरशांच्या बॉक्सवर बऱ्याचदा १००० आर, ३००० आर असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो काचेच्या गोलाईच्या त्रिज्येचा मिलिमीटरमधला आकडा. आकडा लहान म्हणजे काच जास्त फुगीर, जास्त दिसतं पण सगळं बारीक आणि लांब दिसतं. पहिला १००० वाला होता, त्यात अख्खी मागची सीट, दोन्ही खिडक्या, सासूबाईंची पिशवी सगळं दिसायचं, पण मागची बस मुंगीएवढी. घोडबंदरला चालून जातं. ट्रॅकवर ही फसवणूक महागात पडते, कारण मी सरळ पट्टीच्या शेवटी १४० ला आणि मागचा १९० ला असेल तर तो दर सेकंदाला जवळपास १४ मीटर जवळ येतोय. सत्तर मीटर मागे दिसला म्हणजे पाच सेकंद आहेत, पण फुगीर आरशात तोच दीडशे मीटरवर असल्यासारखा वाटतो आणि आपण म्हणतो अजून वेळ आहे. म्हणून दुसरा ३००० आर घेतला, हाच तो साडेचारशेचा. थोडं कमी दिसतं, शेजारची गाडी मात्र मागच्या दरवाजाच्या काचेतून सापडते, आणि अंतराचा अंदाज साध्या आरशाच्या बराच जवळ जातो. तरी पहिले दोन आठवडे घोडबंदरला मी फक्त सवयच लावून घेतली, या आरशात मागची गाडी किती मोठी दिसते म्हणजे नक्की किती जवळ आहे याची. हे केल्याशिवाय थेट ट्रॅकवर नेऊ नका.

लावायची गंमत अशी की घरच्या पार्किंगमध्ये एकदम परफेक्ट सेट केलेला आरसा ट्रॅकवर गेल्यावर चुकतो. हेल्मेटमुळे डोकं सीटच्या हेडरेस्टपासून पुढे येतं, नजरेची जागा बदलते, आणि फुलफेस असेल तर वरचा डावा कोपरा हेल्मेटच्या कडेनेच कापला जातो, नेमका जिथे आपला आतला आरसा असतो. त्यामुळे हेल्मेट घालून, बेल्ट आवळून, मग आरसे सेट करायचे, तिन्ही. बाहेरचे मी इतके बाहेर काढतो की स्वतःची गाडी जेमतेम दिसते. हेल्मेटचं निघालंच आहे तर, आमच्या तिन्ही दिवसांना बाइकचं चाललं, माझंही बाइकचंच आहे, पण मोटारीसाठीच्या स्नेल एसए मानकाच्या हेल्मेटमध्ये आतलं अस्तर आगीला टिकणारं असतं आणि रोल बारवर (गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत बसवतात ती लोखंडी नळी) आपटण्याची चाचणी होते, बाइकच्यात ती होत नाही. पुढचा खर्च तोच दिसतोय, बायकोला अजून बोललो नाही.

बघायचं कधी, हे शिकायला दोन ट्रॅक डे गेले. वळणातून बाहेर पडून स्टिअरिंग सरळ झालं की एकदा, पट्टीच्या मध्यावर एकदा, आणि ब्रेकला पाय जायच्या आधी एक झटका. ब्रेक लागल्यावर आरसा बंद, मागे हत्ती आला तरी. चेन्नईला माझ्या पुढच्या एका नवख्या मुलाने ब्रेक मारता मारता आरशात बघितलं आणि वळणच विसरला, सरळ मातीत. बरं झालं, त्याने घाबरून स्टिअरिंग परत ओढलं नाही, सरळ जाऊन थांबला, मार्शलने (ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभा असतो तो) खूण केल्यावरच आत आला. त्याने परत ओढलं असतं तर आडवा होऊन माझ्या तोंडासमोर आला असता. आणि स्पिन झालाच तर दोन्ही पाय, क्लच आणि ब्रेक, पूर्ण खाली आणि तसेच धरून ठेवायचे, म्हणजे मागून येणाऱ्यांना तुमची गाडी कुठे घरंगळणार याचा अंदाज येतो.

आरशात दिसलं, मग काय, हे खरं काम. माझं आता ठरलेलं आहे. वळणात मागे कोणी असेल तर काहीच करायचं नाही, आपली लाइन सोडायची नाही, एकदम बाजूला तर अजिबात व्हायचं नाही, वाट बघेल तो. सरळ पट्टी लागली की हात बाहेर, एकच बाजू, ठळक, आणि अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडायचा. सोडायचा म्हणजे सोडायचा. हात दाखवून वर फुल थ्रॉटल देणारे महाभाग असतात, मागचा बिचारा अर्ध्या पट्टीपर्यंत शेजारीच लटकतो आणि पुढे वळण. ब्रेक मात्र मारायचा नाही. आणि मागे एक गाडी दिसली म्हणजे एकच आहे असं समजायचं नाही, या आरशाचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच झाला, कारण तिच्या आडची दुसरी आणि तिसरी पण दिसते. प्रत्येक गाडीला वेगळा हात. पहिल्याला दाखवलेल्या हातावर दुसरा आला तर ती त्याची चूक, पण पत्रा तुमचाही जाणार. मार्शलने निळा झेंडा (मागून वेगवान गाडी येतेय) दाखवला म्हणजे तुम्ही आरसा बघितलेला नाही असं समजा. पिवळा (पुढे धोका) असेल तर हातबित काही नाही, ओव्हरटेकच बंद.

कारीला एका सेशनमध्ये एक लाल हॅचबॅक सतत मागे, ती पण मला वळणात गाठायची आणि पट्टीवर जेमतेम बरोबरीची. अशा वेळी डोकं फिरतं, वाटतं हिला कशाला सोडू. मी सोडली. पुढच्या लॅपपासून रिकामा ट्रॅक मिळाला आणि दिवसातले सगळ्यात चांगले चार लॅप तिथेच लागले.

आता तक्रारी. एक, रात्री हा आरसा छळतो. ओरिजिनल आरशाला खाली जी कळ असते, दाबली की मागचे दिवे मंद होतात, ती या आरशाखाली निकामी होते, कारण पुढे ही दुसरी काच आली. गायमुखच्या उतारावर मागे एलईडीवाला आला की डोळ्यांत भाला. रात्रीच्या प्रवासाला मी काढून ठेवतो. दोन, क्लिपच्या स्प्रिंगा सहा महिन्यांत सैल झाल्या. मेट्रोच्या कामाने घोडबंदरच्या रस्त्याची जी दशा केली त्यावर आरसा डुलायला लागला, मग सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे आत घातले, आता हलत नाही. ट्रॅकवर कर्बवर (वळणाच्या कडेचा उंचवटा) चाक गेलं तर चित्र थरथरतं, तेवढं मान्य करायचं. तीन, ही काच आहे आणि ती तुमच्या तोंडासमोर आहे. ट्रॅक डेच्या तपासणीला एकाने हा आरसा पकडून जोरात ओढून बघितला, निघाला नाही म्हणून चाललं, मी वरून दोन झिप टाय पण मारले होते. निघाला असता तर काढायला लावला असता आणि बरोबरच केलं असतं.

त्याच तपासणीत डॅशबोर्डवरचा गणपती काढायला सांगितला. गाडीत सुटं काही नको, मॅट, बाटली, जॅक, सगळं बाहेर, आणि डबल टेपवरची मूर्ती त्यांच्या हिशोबाने सुटीच. काढताना मी हात जोडले तर तपासणीवाल्या सरांनी पण जोडले. रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवला. आईला मात्र कळलं, फोटोत डॅशबोर्ड रिकामा दिसला. "नेमका त्याच दिवशी काढलास होय रे?" असं म्हणाली, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

अजून एक, आरशाशी संबंध नाही पण लिहून ठेवतो. आपल्या नेहमीच्या कार पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे वापर वगळलेले असतात, कागद काढून बघा. ट्रॅकवर कुणी कुणाला ठोकलं तर आपापलं. हे माहीत झाल्यापासून मी जास्तच मनापासून लोकांना पुढे सोडतो.

कोणी घेऊ नये? ज्यांच्या गाडीची मागची काच मोठी आहे त्यांना ओरिजिनल पुरेल. ज्यांच्या आरशात ऑटो डिमिंग आहे किंवा आरशाच्या मागे कॅमेरा-सेन्सरचं खोकं आहे त्यांनी आधी क्लिप बसते का ते दुकानातच लावून बघा, आमच्या बिल्डिंगमधल्या एकाला परत करावा लागला. फक्त घोडबंदरसाठी हवा असेल तर चालेल, रिक्षा डावीकडून घुसताना अर्धा सेकंद आधी दिसते.

पाचपैकी साडेतीन. रात्रीचा त्रास नसता तर चार दिले असते. मागच्या महिन्यात कारीला पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या जागेत) ती पांढरी सेडान परत दिसली. त्यांनी आरसा बघितला, काही बोलले नाहीत, दुपारच्या सेशनला मी हात दाखवला आणि ते उजवीकडून गेले, जाताना त्यांचा पण एक हात वर झाला.