‘लागलेल्या जोड्या’ आणि विकतचे पाणी

घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून मी मे महिन्यात कोरीडोरस जातीच्या, टाकीत पाळायच्या शोभेच्या कॅटफिशची पैदास करण्याचे ठरवले आणि एका विक्रेत्याला 18,500 रुपये दिले. तीन आठवड्यांत बारापैकी नऊ मासे मेले. भांडुपच्या आमच्या चाळीत हे पाहून आणखी दोघीजणी हाच उद्योग सुरू करणार होत्या, त्या थांबल्या. इतरांनाही थांबून विचार करता यावा, म्हणून सारे तपशिलाने लिहीत आहे.

ओळखीतून आलेला हा माणूस घरी येऊन अतिशय आपुलकीने बोलला. तीन फुटी टाकी व स्टँड 6,500, माशांच्या सहा जोड्या 9,000, ‘तयार पाण्याचे’, म्हणजे मासे लगेच सोडता येतील अशा पाण्याचे, सहा कॅन 1,500, जिवाणूंची बाटली 900 आणि ने-आण 600 असा त्याचा हिशेब होता. एक इंचाचे प्रत्येक पिल्लू चाळीस रुपयांना परत घेईन, असे त्याने पावतीवर लिहूनही दिले. या एका ओळीमुळे माझ्या मनातल्या बाकीच्या सगळ्या शंका मिटल्या, आणि नेमकी तिथेच माझी चूक झाली.

“ताई, या लागलेल्या जोड्या आहेत, महिनाभरात अंडी देतील,” असे तो म्हणाला होता. पुढे जाणकारांकडून कळले की कोरीडोरस जोडी लावून राहणारा मासा नाही. तो थव्याने राहतो आणि पैदाशीसाठी एका मादीमागे दोन नर ठेवणे चांगले मानले जाते. नर-मादी ओळखायची तर पूर्ण वाढलेला मासा वरून पाहावा लागतो: मादी पोटाशी रुंद आणि नर सडपातळ दिसतो. मला दिलेले मासे जेमतेम सव्वा इंचाचे होते. त्या वयात जोडी कोणालाच निवडता येत नाही. दिवाळी होऊन गेली तरी उरलेल्या तिघांत नर कोण आणि मादी कोण, हे आजही खात्रीने सांगता येत नाही.

पाण्याची फसवणूक मला अधिक लागते, कारण तिने जीव घेतले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे नायट्रेट, जे माशांना पुष्कळ कमी घातक असते. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर आणि काचेवर वसतात, पाण्यात फारसे नसतात. त्यामुळे कॅनमधून आणलेल्या पाण्याने टाकी तयार होत नाही. नव्या टाकीत त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी मात्र त्याच दुपारी बाराही मासे आत सोडले.

चौथ्या दिवशी मासे सारखे वर येऊन हवा गिळू लागले. कोरीडोरस आतड्यातूनही श्वास घेतो, म्हणून अधूनमधून वर येणे त्याला स्वाभाविक असते. पण हे दर मिनिटाला चालले होते आणि कल्ले लालभडक झाले होते. फोन केला तेव्हा “आनंदात आहेत, खेळतायत” असे उत्तर मिळाले. मी थर्मामीटर लावला तर पाणी 31 अंशांवर होते. या माशांना 22 ते 26 अंश मानवतात आणि पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, तरीही मुंबईची हवा यांना अगदी योग्य आहे असे मला सांगण्यात आले होते. एक मेलेला मासा तळहातावर घेऊन पाहिला, तर त्याच्या मिशा झिजून नुसते खुंट उरले होते. तळाशी मऊ वाळूऐवजी धारदार रंगीत खडी होती आणि तिच्यात घाण साचली होती, हे मला त्या वेळी समजले.

पाचवा मासा गेल्यावर विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले.

पिल्ले परत घेण्याचे आश्वासन कोणी दिलेच, तर त्याच्या स्वतःच्या टाकीत काचेवर चिकटलेली अंडी आणि वाढणारी पिल्ले दाखवायला सांगा. आधी फक्त टाकी आणि स्पंज फिल्टर घ्या, नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढा, अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याचे टेस्ट किटने स्वतः तपासा आणि मगच मासे आणा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. पावतीवर त्याने ‘व्यवसायासाठी पैदास संच’ असे लिहिले होते आणि मी ते न वाचताच घडी घालून ठेवले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी केवळ स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर मात्र ठरतो, आणि माझी खरेदी त्या दुसऱ्या प्रकारातली होती, हे आता मलाच मांडावे लागणार आहे. म्हणून पावती हाती आली की तिच्यावरचा शब्द न् शब्द विक्रेत्यासमोरच वाचा आणि खटकणारी ओळ तिथेच बदलून घ्या.