हिरबावीचा कुफिया: दीड वर्षाच्या वापरानंतर

इचलकरंजीत आमच्या घरी दोन माग होते, त्यामुळे कापड हातात आलं की मी आधी काठ बघतो. पॅलेस्टाईनमधल्या हेब्रॉन शहरातल्या हिरबावी कारखान्याचा हा काळा-पांढरा सुती कुफिया, म्हणजे पॅलेस्टिनी चौकटीचा रुमाल, दीड वर्ष झालं वापरतोय. काठ कुठे ओढलेला नाही, वीण घट्ट, गोंडे शाबूत. पहिल्या दोन धुण्यांत काळा रंग थोडा सुटला, पुढे नाही. यासिर हिरबावींनी १९६१ मध्ये सुरू केलेला हा कारखाना स्वस्त चिनी रुमालांमुळे बंद पडायला आला होता. जुन्या जपानी सुझुकी मागांवर तो तगला. हे दुखणं इचलकरंजीला वेगळं सांगावं लागत नाही.

लंडनमध्ये मात्र हा रुमाल गळ्यात दिसला की लोक कापडाबद्दल नाही, घोषणांबद्दल विचारतात. जून २०२५ मध्ये ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मंचावरून बॉब विलन या गायक जोडीने इस्रायली सैन्याच्या मरणाची घोषणा दिली आणि बीबीसीवरून ती थेट घरोघरी गेली. पंतप्रधान स्टार्मर यांनी निषेध केला, अमेरिकेने व्हिसा रद्द केले. त्याच आठवड्यात माझ्या ज्यू सहकाऱ्याने हळूच विचारलं, "तूही असं ओरडतोस का रे?" नाही म्हणालो. शस्त्रं देणं थांबवा, अधिकाऱ्यांवर खटले चालवा, हे मी घसा बसेपर्यंत ओरडतो. पण गाझातली पोरं मरू नयेत म्हणून रस्त्यावर आलो, तिथे आणखी कुणाचं मरण मागायला माझी जीभ रेटत नाही.

तरी शब्दांवरची सगळी ओरड मला खरी वाटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाचे खासदार अँडी मॅक्डोनाल्ड म्हणाले होते की नदी (जॉर्डन) आणि समुद्राच्या मधले सगळे, इस्रायली आणि पॅलेस्टिनी दोघेही, शांततेने, मोकळेपणाने जगू लागेपर्यंत आम्ही स्वस्थ बसणार नाही. यात कुणाचं वाईट चिंतलंय? पण 'नदी ते समुद्र' म्हणजे इस्रायल नकाशावरून पुसणं, असं अनेकांना वाटतं; पक्षाने त्यांना निलंबित केलं, मार्च २०२४ मध्ये परत घेतलं. आणि समुद्र ते जॉर्डन नदी फक्त इस्रायलची सत्ता राहील, असं लिकुड या इस्रायली पक्षाच्या १९७७ च्या जाहीरनाम्यातच होतं. त्याचा राग मला आजही येतो.

घ्यायचा असेल तर हिरबावीचाच घ्या, थंड पाण्यात वेगळा धुवा. थंडीत मी तो मफलरसारखा रोज ऑफिसला घालतो, त्या सहकाऱ्यासमोरही.