जुना फ्लॅट विकायच्या आधी करून घेतलेली कामं, नऊ महिन्यांचा अनुभव

पुण्यात कर्वेनगरमधला आमचा टू बीएचके, बाबांनी १९९४ मध्ये घेतलेला, तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट नाही. बाबा गेल्यावर आईला जिने झेपेनात, ती दादाकडे राहायला गेली आणि मार्च २०२५ मध्ये फ्लॅट विकायचा ठरलं. विकायच्या आधी काय काय करून घेतलं, त्यातलं पावसाळ्यात काय टिकलं, बघायला आलेल्या लोकांनी कशाला हात लावून बघितलं आणि कशाकडे लक्षसुद्धा दिलं नाही ते सगळं लिहिते, कारण हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर सत्तर हजार रुपये आणि दोन महिने नक्की वाचले असते.

आधी ते सत्तर हजार. पश्चिमेकडच्या बेडरूमच्या भिंतीला बरीच वर्षं ओल होती, दर पावसाळ्यानंतर पोपडे निघायचे आणि बाबा दर दिवाळीला खरवडून रंग लावायचे. एजंट म्हणाला, ताई, भिंतीला पीव्हीसी पॅनेल मारून टाका, दोन दिवसांचं काम आहे, आणि हॉलला थोडं फॉल्स सीलिंग करा, फोटो चांगले येतात. आम्ही दोन्ही केलं. फोटो खरंच चांगले आले, फोनही बरेच आले. मग एक साठीच्या पुढचे गृहस्थ बायकोला घेऊन आले, त्यांनी बोटांनी पॅनेलवर टकटक करून बघितलं, खाली वाकून फरशी आणि भिंतीच्या सांध्यावर हात फिरवला आणि दादाला विचारलं, याच्या मागे काय आहे? दादाला खोटं बोलता आलं नाही. ते कळवतो म्हणाले आणि गेले. पुढच्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं, त्यांचं बाळ सहा-सात महिन्यांचं, आणि त्या बाईंनी हीच खोली बाळाची करू म्हटल्यावर मला तिथे उभं राहवेना. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की पॅनेल काढायचे. मागे खालपासून कमरेपर्यंत काळी बुरशी होती. तीन आठवड्यात एवढी.

तेव्हापासून नियम एकच, जे दुरुस्त होतं ते दुरुस्त करायचं, जे होत नाही ते येणाऱ्याला आधी सांगायचं.

आता ओलीबद्दल जरा सविस्तर, कारण जुन्या बिल्डिंगमध्ये विक्रीचं निम्मं काम इथेच अडतं. आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो की ही पावसाची ओल. पण एप्रिलमध्ये, बाहेर अडतीस-चाळीस डिग्री, भिंतीचा खालचा भाग तरीही ओला. प्लंबरने एक साधी गोष्ट केली, फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेप लावून दोन दिवस चिकटवून ठेवला, आणि काढला तेव्हा आतल्या बाजूला थेंब होते, म्हणजे पाणी खोलीतल्या हवेतलं नाही, भिंतीतून येतंय. मग तो म्हणाला, घरात कुणी राहत नाही, बाथरूम वापरात नाही, तरी ओल आहे, म्हणजे सांडपाण्याचा पाइप नाही, कायम भरलेला पाइप आहे. भिंतीच्या पलीकडे बाथरूम. बाबांच्या वहीत १९९४ मध्ये काम चालू असताना त्यांनी काढलेली पाइपांची आकृती होती, फुटपट्टीने मापं टाकून, त्यामुळे नेमकं कुठे फोडायचं ते कळलं. आतला जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप गंजून त्याला टाचणीएवढं भोक पडलं होतं. इतक्या वर्षांचे पोपडे त्या भोकामुळे.

वरच्या अर्ध्या भिंतीची ओल मात्र खरंच पावसाची होती. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) कठड्याच्या कोपऱ्यात सुटला होता. इथे एक गोष्ट सगळ्यांनी माहिती करून घ्या, सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सरकारने दिलेल्या नमुना नियमावलीप्रमाणे, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते, आणि संडास-बाथरूम, सिंक यांची गळती ज्या त्या सभासदाने. आम्ही लेखी पत्र दिलं, फोटो जोडले, कमिटीच्या मीटिंगला आई स्वतः आली. चेअरमन काकांनी खळखळ केली नाही हे इथे सांगायलाच हवं. मेमध्ये काम सुरू झालं, पण २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच आला, शेवटचा कोट राहिला तो राहिलाच. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता गॅरंटी आहे, काळजी करू नका, पण जूनमध्ये कोपऱ्यात पुन्हा पाणी उतरल्यावर त्याने आठ दिवस फोन उचलला नाही. दादा रोज संध्याकाळी त्याच्या दुसऱ्या साइटवर जाऊन उभा राहायचा. शेवटी उघडीप बघून, वर ताडपत्री बांधून कोपरा परत केला. त्यानंतर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर एक थेंब नाही. गच्चीचं काम करायचं असेल तर मार्चमध्येच हातात घ्या, मे हा महिना मोजूच नका.

बाथरूम दोन्ही पूर्ण उघडली, पाणीपुरवठ्याचे पाइप सगळे सीपीव्हीसी (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे), वॉटरप्रूफिंग, मग टाइल्स. टाइल्स बसवायच्या आधी खाली तीन-चार इंच पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवलं आणि खालच्या काकूंच्या छतावर काही उतरतंय का ते बघितलं. मिस्त्रीला घाई होती, तो म्हणत होता काही गरज नाही. गरज आहे. एका बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखाली पाणी अडवणाऱ्या भांड्याच्या) कडेने झिरपलंच, ते तेव्हाच सापडलं म्हणून दोन हजारात भागलं. टाइल्स झाल्यावर सापडलं असतं तर सगळं परत फोडायला लागलं असतं. आणि बंद करायच्या आधी प्रत्येक भिंतीतल्या पाइपांचे फोटो टेप धरून काढून ठेवले, बाबांसारखी आकृती काढता नाही आली तरी.

बेडरूमच्या भिंतीचं प्लास्टर नवीन केलं आणि ते आम्ही मुद्दाम रंग न देता तसंच ठेवलं. नवीन प्लास्टर निदान महिनाभर वाळू द्यायला पाहिजे, ओल्यावर पुट्टी लावली की ती सुटणारच हे एक, पण खरं कारण वेगळं होतं, भिंत कोरडी आहे हे येणाऱ्याला स्वतः बघता यावं. सगळं घर रंगवलेलं आणि एकच भिंत राखाडी, एजंट वैतागला, म्हणाला कोण घेणार असं. पण येणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या भिंतीबद्दलच विचारलं, आम्ही पाइप, गच्ची, जूनमध्ये परत आलेलं पाणी सगळं सांगायचो, फोटो दाखवायचो आणि म्हणायचो, जोरदार पाऊस असेल त्या दिवशी परत या आणि हात लावून बघा. ज्यांनी फ्लॅट घेतला ते ऑगस्टमध्ये अशाच एका दिवशी परत आले, रेनकोट जिन्यात काढून ठेवला आणि पाच मिनिटं त्या भिंतीपाशी उभे होते. त्यांनी टाइल्सचं डिझाइन एकदाही विचारलं नाही.

बाकीची कामं भराभर सांगते. वायरिंग बदललं, नवीन बोर्ड, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारे स्विच), स्वयंपाकघरात फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्हसाठी वेगळे पॉइंट, ३४,००० गेले आणि ते पूर्ण वसूल, कारण मेन बोर्ड उघडून बघणारे निम्मे तरी होते. हॉलची मोरपंखी भिंत जाऊन सगळीकडे एकच फिकट पांढरा, ७८,०००. जुन्या मोझॅक टाइल्स काढून नवीन घाला असं सगळे म्हणत होते, आम्ही फक्त पॉलिश करून घेतलं, १७,०००, आणि लोकांना ती फरशी आवडली, एक आजी तर पायातल्या चपला काढून हॉलभर फिरल्या, म्हणाल्या थंड आहे. खिडक्यांचे स्लायडिंग चॅनल, डासांची जाळी, काचेवरची जुनी काळी फिल्म काढणं याचे ९,०००, आणि सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर ती फिल्म काढल्याने. आमचा हॉल पूर्वेचा, सकाळी नऊ-दहाला इतका उजेड येतो की दिवा लावावा लागत नाही, आणि हे आम्ही वीस वर्षं काळ्या काचेआड ठेवलं होतं. मग व्हिजिट शक्यतो सकाळीच ठेवायला लागलो. बाथरूमचे १,६२,०००, शेवटची साफसफाई साडेसहा हजार, असे सगळे मिळून ३,०६,५०० गेले. पॅनेल आणि सीलिंगचे सत्तर हजार वेगळे. सीलिंग अजून आहे तिथे, कुणी नाव काढलं नाही, उलट एकाने विचारलं की वरून गळतंय म्हणून लावलंय का.

स्वयंपाकघराला मॉड्युलर केलं नाही. ओट्याचा ग्रॅनाइट घासून घेतला, सिंक आणि नळ बदलला, बस. घेणारी बाई आपल्या हिशेबानेच करते, आपण केलेलं बहुतेक वेळा काढलंच जातं.

माळा रिकामा करणं हे आईसाठी सगळ्यात अवघड गेलं. तांब्याचा बंब, घंगाळ, पाटे-वरवंटे, आमच्या पाळण्याच्या दांड्या. चार रविवार लागले. आम्ही घाई केली नाही, ती एकेक वस्तू हातात घेऊन कुणाला द्यायची ते सांगायची आणि मी लिहून घ्यायचे. घर रिकामं करायला जेवढे दिवस धरले असतील त्याच्या दुप्पट धरा, आणि एजंटच्या तारखेसाठी आईवडिलांना घाई करू नका.

बंद घराचा एक त्रास आम्हाला माहीतच नव्हता. आठ-दहा दिवस कुणी गेलं नाही की घरात गटाराचा वास आणि झुरळं. कारण नहाणी ट्रॅपमध्ये जे पाणी अडून राहतं तेच खालचा वास थांबवतं, उन्हाळ्यात वापर नसला की ते आटून जातं. मग मी दर तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना थांबून प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायचे, खिडक्या अर्धा तास उघडायचे. सुरुवातीला आम्ही व्हिजिटच्या आधी उदबत्ती लावत होतो, त्याने लोकांना उलट संशय येतो, नुसतं उघडं, कोरडं, वास नसलेलं घर पुरतं.

लोक विचारायचे ते प्रश्न जवळपास ठरलेले. पाणी किती वेळ येतं, टँकर लागतो का, पार्किंग कव्हर्ड आहे का आणि कागदावर आहे का, कन्व्हेयन्स झालंय का (म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का), रिडेव्हलपमेंटचं काय. यातल्या एकाचंही उत्तर रंगात नाही. आणि जो रिडेव्हलपमेंट डोक्यात ठेवून घेणारा असतो त्याला आतल्या कामाशी काही देणंघेणं नसतं, तो भाव पाडूनच मागतो, त्याच्यासाठी खर्च करू नये. आपण तयारी करतो ती राहायला येणाऱ्या कुटुंबासाठी.

कागदांची तयारी ही घराच्या तयारीतच धरा. सोसायटीने शेअर सर्टिफिकेट आईच्या नावावर नॉमिनी म्हणून केलं होतं आणि आम्हाला वाटलं झालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, दादा आणि मी पण वारस, त्यामुळे आम्हा दोघांचं हक्कसोडपत्र (आमचा हिस्सा आईसाठी सोडल्याचा दस्त) रजिस्टर करून घेतलं, त्यात महिना गेला. मूळ करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा), भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), टॅक्स पावत्या, सोसायटीचं नो ड्यूज यांची एक फाइल आणि एक स्कॅन. बिल्डिंग तीस वर्षांच्या वरची म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांच्या बँकेचा व्हॅल्युएशनवाला बिल्डिंगचं वय, गळती, भेगा बघायला आला, गच्चीच्या कामाचं बिल आणि गॅरंटीचा कागद त्याने मागून घेतला. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नवीन मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत २५,००० च्या वर घेता येत नाही हेही लक्षात ठेवा. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का टीडीएस (आपल्या नावावरचा आयकर) रकमेतून कापून भरतो, ते चलन मागून घ्यायला विसरू नका. आणि कामांची बिलं जपून ठेवा, आमच्या सीए म्हणाल्या की रंगरंगोटी ही दुरुस्ती, ती कॅपिटल गेनमध्ये (विक्रीच्या नफ्यावरच्या कराच्या हिशेबात) सुधारणा म्हणून धरता येत नाही, पण नवीन बाथरूम आणि वायरिंगची बिलं त्यांनी ठेवून घेतली.

भावाचं म्हणाल तर मार्चमध्ये पॅनेल लावलेलं असताना सगळ्यात जास्त मागणी ६८ लाख आली होती, शेवटी व्यवहार साडेशहात्तरला झाला. सगळा फरक कामांचाच असं मी म्हणणार नाही, सहा महिन्यात भावही हलले असतील, पण घेणाऱ्यांनी घासाघीस फक्त पार्किंगवर केली, घराच्या अवस्थेवर एक शब्द नाही. पितृपक्षात कुणी फिरकलं नाही, दसऱ्याला, २ ऑक्टोबरला विसार दिला, दिवाळीनंतर रजिस्ट्रेशन. फ्लॅट त्यांनी पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतला म्हणून स्टॅम्प ड्यूटी ७ ऐवजी ६ टक्के लागली. बेडरूमची ती भिंत विसार झाल्यावर आम्ही आमच्या खर्चाने रंगवून दिली, रंग त्यांच्या मुलीने निवडला.

ताबा देताना किल्ल्यांबरोबर पाइपांचे फोटो, प्लंबरचा नंबर, गॅरंटीचा कागद आणि बाबांच्या वहीची झेरॉक्स दिली. मूळ वही आईकडे आहे. गच्चीचा तो कोपरा अजून पावसाळ्याच्या पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पूर्ण तपासला गेलेला नाही, जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की मी त्यांना फोन करून विचारणार आहे, तसं त्यांना सांगूनही ठेवलंय.