स्टारक्राफ्ट २ की एज ऑफ एम्पायर्स २: नागपुरातून रँक्ड खेळायचं असेल तर

दोन्ही तळ उभारून सैन्य लढवायचे जुने संगणक-खेळ आहेत, दोन्हींत आजही रात्री समोर कुणीतरी सापडतं, आणि नोकरी-कॉलेज सांभाळून खेळणाऱ्याला यांपैकी एकच नीट शिकणं झेपतं. दोन लॅडर (रँक्ड सामन्यांच्या क्रमवाऱ्या) एकदम चढायला घेतली की एकाच्या हॉटकी (हुकूम देण्याच्या कळा) बोटांत बसेपर्यंत दुसऱ्याच्या निसटतात. इथे स्टारक्राफ्ट २ म्हणजे २०१५ च्या लेगसी ऑफ द व्हॉइड या विस्तारानंतरचा खेळ आणि एज म्हणजे २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन. दोन्ही थोडंफार खेळून झालं आहे आणि आता एकाला धरून बसायचं आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. विचार एक विरुद्ध एक सामन्यांचाच केला आहे.

आधी स्टारक्राफ्टला त्याचं श्रेय देऊ या. युनिटना हुकूम दिल्यावर त्या इतक्या चोख ऐकतात असा दुसरा रिअल टाइम स्ट्रॅटेजी खेळ माझ्या पाहण्यात नाही. चाळीस मरीन (बंदूकधारी शिपाई) अरुंद उतारावरून उतरवा, ते पाण्यासारखे वाहतात. एजमध्ये तेच चाळीस धनुर्धारी लाकडाच्या कॅम्पाशी अडतात, दोघं उलट्या दिशेने फिरून येतात. शिवाय लेगसीपासून सामना ६ ऐवजी १२ कामगारांनी सुरू होतो, त्यामुळे रिकामी सुरुवात जवळपास उरलेली नाही. टेरन, म्हणजे माणसांची बाजू, असाल तर लोकसंख्या १४ ला सप्लाय डेपो, १६ ला बॅरॅक्स, लगेच रिफायनरी आणि २० च्या आसपास दुसरं कमांड सेंटर. इथवर फार तर दोन मिनिटं जातात आणि खरा खेळ सुरू होतो. सामना बहुधा दहा-पंधरा मिनिटांत संपतो. तासाभरात तीन सामने खेळून एक रिप्ले बघताही येतो.

नकाशाही दोन्ही बाजूंना सारखाच असतो. प्रत्येक बेसला ८ मिनरल पॅच (खनिजाचे साठे), २ गॅस. १६ कामगार मिनरलवर, गॅसला ३-३. हा हिशोब प्रत्येक सामन्यात तोच राहतो. हरलात तर नशिबाकडे बोट दाखवता येत नाही. स्पर्धेच्या दृष्टीने हे मला फार मोलाचं वाटतं.

एजमध्ये नकाशा दर वेळी नव्याने घडतो. सोन्याची मुख्य खाण कधी टाउन सेंटरच्या (गावाच्या मुख्य इमारतीच्या) मागे सुरक्षित, कधी शत्रूच्या तोंडावर. रानडुकरं कधी जवळ, कधी व्हिलेजरला (कामगाराला) ओढून आणताना जीव वर-खाली करणारी. काहींना हाच दोष वाटतो. नकाशा वाचून बेत बदलणं हेही कौशल्यच आहे असं मी मानतो. तरी सोनं पुढे पडल्यामुळे हरलेला सामना डाचतो, हे नाकारत नाही. सामने लांबतात, अर्धा-पाऊण तास सहज. समोरच्याला नकाशा किंवा संस्कृती (खेळायला मिळालेला समाज) आवडली नाही की तो सुरुवातीलाच निघून जातो आणि पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, हाही त्रास आहे.

इथपर्यंत पारडं स्टारक्राफ्टकडे झुकलेलं दिसेल. खेळ म्हणून तोलला तर ते तसंच आहे. पण आपण नागपुरात बसून खेळतो, आणि निर्णय इथेच फिरतो.

स्टारक्राफ्टचं रँक्ड प्रदेशांत वाटलेलं आहे: अमेरिका, युरोप, आशिया. प्रत्येकाचं लॅडर आणि रँक वेगळी. आपल्याला जवळचा म्हणजे आशिया, आणि तो सर्व्हर कोरियात. झिरो माइलचा दगड आपल्या शहरात असला, तरी समुद्राखालच्या केबल लागतात मुंबईला आणि चेन्नईला. म्हणजे तुमचा हुकूम आधी आठशे ते अकराशे किलोमीटर जमिनीवरून किनाऱ्याला जाणार, मग चेन्नई, सिंगापूर, हाँगकाँग असा वळसा घेत कोरियाला. सगळा रस्ता नऊ-दहा हजार किलोमीटरचा धरा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ९० ते १०० मिलिसेकंद नुसत्या अंतराचेच झाले. वाटेतले थांबे आणि खेळाचा स्वतःचा विलंब त्यावर. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला तरी यात काही फरक पडत नाही. खेळाला लागणारा डेटा किरकोळ असतो, अडचण अंतराची आहे.

त्यात घड्याळाचा घोळ. सोल आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. जेवण उरकून आपण रात्री दहाला बसतो तेव्हा तिथे दीड वाजलेला असतो. रांग लांबते, आणि जागे असलेले बहुतेक मुरलेले. कोरियातलं गोल्ड (लॅडरची एक पातळी) युरोपातल्या गोल्डपेक्षा कठीण वाटतं. मोजून दाखवता येणार नाही, पण दोन्हीकडे खेळलेले बरेच जण हेच सांगतील. युरोपात मात्र त्याच वेळी संध्याकाळचे साडेपाच-साडेसहा. तिकडे प्रतिस्पर्धी पटकन मिळतात, म्हणून बरेच जण शेवटी युरोप निवडतात आणि तितकाच किंवा जास्त विलंब पत्करतात.

आता हा विलंब कुठे बोचतो ते बघा. मरीन दर ०.६१ सेकंदाला गोळी झाडतो, स्टिम (वेग वाढवणारं औषध) दिल्यावर सुमारे ०.४१ सेकंदाला. गोळी झाडली, पाऊलभर सरकला, पुन्हा झाडली, हा खेळाचा प्राण. हुकूम २०० मिलिसेकंद उशिरा लागू झाला तर स्टिम दिलेल्या मरीनच्या एका फेऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग त्यातच गेला. सरकायचा हुकूम गोळीच्या आधी पोहोचला की गोळी वाया, नंतर पोहोचला की मरीन उभाच. बेनलिंग (अंगावर येऊन फुटणारे झर्ग बाजूचे जीव) अंगावर आले की मरीन विखुरायचे असतात. मरीनचे प्राण ४५, शील्डची सुधारणा घेतल्यावर ५५, बेनलिंगचा मरीनवरचा स्फोट ३५ चा. दोन स्फोटांत त्या टप्प्यातले सगळे गेले. विडो माइन (जमिनीत दबा धरणारा सुरुंग) तर लक्ष्य धरल्यावर सेकंदभरात १२५ ची इजा करते. बोट वेळेवर पडूनही पडद्यावर उशीर होतो आणि आठ मिनिटं जमवलेलं सैन्य दोन सेकंदांत साफ.

विलंब एकसारखा असता तर हात त्याची सवय लावून घेतो. पण रात्री घरातल्या सगळ्या मोबाइलवर व्हिडिओ चालू असतात, वायफाय शेजाऱ्यांच्या राउटरशी भांडत असतं, पिंग (हुकूम जाऊन-येण्याचा वेळ) वर-खाली होतं. मग सवय लागतच नाही. रिप्ले उघडावा तर त्यात हुकूम पोहोचल्याची वेळ दिसते, बोट पडल्याची नाही. आपण चुकलो की तार चुकली, हेच ठरत नाही. नकाशा सारखा असल्यामुळे हार स्पष्ट कळते, हा या खेळाचा सर्वांत मोठा गुण. इथून खेळताना नेमका तोच हातून जातो. माझ्यापुरता प्रश्न इथे सुटला.

एजमध्येही विलंब आहेच. पण धनुर्धारी दर २ सेकंदांना बाण सोडतो, आणि रँक्ड सामने १.७ पट वेगाने चालतात, म्हणजे घड्याळात सुमारे १.१८ सेकंद. तोच २०० मिलिसेकंदांचा उशीर इथे फेऱ्याचा सहावा भाग होतो. मँगोनेल या दगडफेकी यंत्राचा दगड येताना डोळ्यांना दिसतो, बाजूला व्हायला वेळ मिळतो. ऐन वेळी घरांनी वाट बुजवायची असेल तर विलंब जाणवतो, पण सामना सहसा तिथे संपत नाही. लॅडर जगभरासाठी एकच असल्याने प्रदेश निवडण्याची डोकेदुखी नाही. रात्री दहाला रांग भरलेली असते. समोर भारतातलाच कुणी आला तर विलंब जवळपास विसरायला होतं.

इथली हार मोजताही येते. व्हिलेजरला ५० अन्न आणि खेळाच्या घड्याळाचे २५ सेकंद लागतात. टाउन सेंटर पहिल्या दहा मिनिटांत दीड मिनिट रिकामं राहिलं, तर साडेतीन व्हिलेजर कमी. हे रिप्लेमध्ये उघड दिसतं आणि त्यात तारेचा काही दोष नसतो. हजार रेटिंगच्या खालचे बहुतेक सामने याच एका आकड्यावर ठरतात असा माझा अंदाज आहे. स्टारक्राफ्टमध्येही कामगार थांबता कामा नयेत, पण तिथे ती शिस्त पाळूनही एका माइनने सगळं जाऊ शकतं.

पैशांचं थोडक्यात. स्टारक्राफ्टचं मल्टिप्लेअर १४ नोव्हेंबर २०१७ पासून फुकट आहे. नव्या फुकट खात्याला रँक्ड उघडण्यासाठी मात्र साध्या किंवा संगणकाविरुद्धच्या सामन्यांत ‘दिवसातला पहिला विजय’ दहा वेळा मिळवावा लागतो, म्हणजे किमान दहा दिवस. एज विकत घ्यावा लागतो. स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलला थांबा, मूळ खेळ पुरेसा आहे. अधिक बारीक चित्रांचा फुकट ग्राफिक्स पॅक ८ जीबी रॅमवर लावू नका. दोघांपैकी एकाचं मशीन मागे पडलं की एज दोघांनाही अडखळतो.

पुढचा विचार करायचा तर खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्डने ऑक्टोबर २०२० मध्येच स्टारक्राफ्ट २ साठी नवं विक्रीचं काही काढणार नसल्याचं जाहीर केलं. अधूनमधून समतोलाचे बदल येतात, स्पर्धा चालू आहेत. फिनलंडच्या सेराल या व्यावसायिक खेळाडूचा खेळ बघणं तर आजही पर्वणी. एजमध्ये मात्र भर पडतच राहिली. एप्रिल २०२२ मध्ये बंगाली, द्रविड आणि गुर्जर या संस्कृती आल्या, जुन्या ‘इंडियन्स’चे हिंदुस्तानी झाले. मराठे शोधू नका, खेळाचा काळ त्यांच्या आधी संपतो.

मशीनबद्दल, खास आपल्या उन्हाळ्यासाठी. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि दोन्ही खेळ प्रोसेसरवर भार टाकणारे आहेत. फ्रेम ६० वर बांधा, सावल्या आणि इफेक्ट्स खाली आणा, लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचला. कूलरचा ओला झोत थेट मशीनवर घेऊ नका. ओल आणि धूळ मिळून पंख्यात थर बसतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडा, नाहीतर लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात राउटर बंद पडतो आणि सामना जातो. आणि वायफाय सोडून केबल घ्या. इतक्या कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

तरीही स्टारक्राफ्टच हवा असेल, आणि असा हट्ट मला समजतो, तर युरोप निवडा आणि टेरनची पायदळ-स्टिम शैली टाळा. झर्ग, म्हणजे किड्यांसारख्या जीवांची बाजू, घ्या: १३ ला ओव्हरलॉर्ड, १६ ला हॅचरी, १८ ला गॅस, १७ ला पूल, आणि पुढे रोच या लढाऊ जीवावर भर. रोचचा फेरा १.४३ सेकंदांचा आहे, त्यामुळे तारेचा उशीर तितका खुपत नाही. क्वीनचं इंजेक्ट (हॅचरीत जास्त अळ्या तयार करणं), क्रीप (झर्गचा जमिनीवरचा थर) पसरवणं, कामगार वाढवणं, या कामांना दोनशे मिलिसेकंदांनी काही होत नाही. ज्यांना एका वेळी पंधरा मिनिटांहून जास्त मिळतच नाहीत, त्यांनी तर हेच करावं.

एजकडे वळलात तर आधी फ्रँक्स ही संस्कृती घ्या. त्यांना शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात, घोडदळ जास्त टिकतं. गुर्जरांची मेंढ्या गिरणीत ठेवायची पद्धत वेगळीच आहे आणि चिनी सुरुवात अवघड. दोन्ही नंतरसाठी ठेवा. पहिले सहा व्हिलेजर मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, त्यापुढचा एक रानडुकरावर, मग चार बोरांवर. डुकरात ३४० अन्न असतं. पहिल्यात शंभर-सव्वाशे उरलं की दुसरं ओढायला माणूस पाठवा. व्हिलेजरचे प्राण २५, लूम ही सुधारणा घेतल्यावर ४०. दुसऱ्या डुकराच्या वेळी आधीच जखमी असलेला माणूस पाठवला की तो वाटेतच मरतो आणि डुक्कर परत फिरतं. उरलेले लाकडावर टाकत लोकसंख्या २० च्या आसपास लूम आणि फ्युडलसाठी (पुढच्या युगासाठी) ५०० अन्न. फ्युडल येईपर्यंतच्या १३० सेकंदांत १७५ लाकडांचं बॅरॅक्स उभं करा, पोहोचताच तबेला. रेटिंग हजारापासून सुरू होतं, पहिले काही सामने हरून खाली घसरेल. घसरू द्या, बरोबरीचे खेळाडू तिथेच भेटतात.