पाककृतीखालीच दुकान: वर्डप्रेस आणि वूकॉमर्स, आठ-नऊ महिने वापरल्यावर

मालवणी स्वयंपाकावर मी बरीच वर्षं वर्डप्रेसवर, म्हणजे ब्लॉग-साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर, लिहितेय. कुळथाची पिठी, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, सोलकढी, असलं सगळं. वाचणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला: "ताई, चांगलं कोकमाचं आगळ पुण्यात कुठे मिळेल?" बरेच दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेतल्या. पत्ते शोधण्यात आणि 'पैसे आले का' विचारण्यात संध्याकाळ जायला लागली, तेव्हा त्याच साइटवर ऑनलाइन दुकान चालवणारं वूकॉमर्स बसवलं. माल भरणं, पॅकिंग, कुरिअरवाल्याशी बोलणं वहिनीकडे, साइट माझ्याकडे. कुडाळातून चालणाऱ्या या लहानशा कारभाराचा हा अनुभव आहे. हजारो वस्तूंचं दुकान असेल तर यातलं बरंच लागू होणार नाही.

वर्डप्रेस २००३ सालचं, मुळात लिहिण्यासाठी केलेलं. वूकॉमर्स २०११ मध्ये त्यावर बसवायचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) म्हणून आलं आणि २०१५ मध्ये ते वर्डप्रेस.कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने घेतलं. हा इतिहास सांगायचं कारण असं की दुकान अजूनही ब्लॉगच्याच हाडांवर उभं आहे. विकायची वस्तू म्हणजे आतून एक 'पोस्ट'च असते, फक्त तिला किंमत आणि साठा जोडलेला असतो. ग्राहकाने दिलेला अभिप्राय जिथे लेखाखालच्या प्रतिक्रिया जातात डेटाबेसमधल्या त्याच तक्त्यात जातो. पूर्वी ऑर्डरीसुद्धा लेखांच्याच तक्त्यात साठायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या वूकॉमर्समध्ये ऑर्डरींना स्वतंत्र तक्ते मिळतात. आमचा ब्लॉग जुना असला तरी दुकान नवं, म्हणून हा फायदा आपोआप मिळाला. तुमचं दुकान त्याआधीचं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन हा बदल हाताने करावा लागतो, आणि एखादं जुनं प्लगइन त्याला आडवं येऊ शकतं.

ज्यासाठी हे जोडकाम केलं ती गोष्ट मात्र फार छान जमते. सोलकढीच्या लेखात मध्येच आगळाच्या बाटलीचा ब्लॉक टाकला की तिथे किंमत, फोटो आणि कार्टचं बटण येतं. किंमत वाढवली की ज्या ज्या जुन्या लेखात ती बाटली आहे तिथे नवी किंमत दिसते. साठा संपला की बटणही बदलतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या दिवसांत दोन वर्षांपूर्वीचा भाव वाचून लोक भांडायला यायचे, ते बंद झालं. आमच्या बहुतेक ऑर्डरी दुकानाच्या पानावरून येतच नाहीत, पाककृतीच्या पानावरून येतात. नुसतं दुकान थाटून हे झालं नसतं. भाड्याने मिळणाऱ्या तयार ऑनलाइन दुकानांतही लिहायची सोय असते, पण ती तोंडी लावण्यापुरती. माझ्यासारख्या ज्यांना लेखांत रमायचंय त्यांना तिथे गुदमरायला होईल.

एका सर्व्हरवर ब्लॉग आणि दुकान दोन्ही असल्याचा दुसरा चेहरा गणपतीत दिसला. उकडीच्या मोदकांचा लेख त्या आठवड्यात धो धो वाचला जातो. वाचकांना साठवलेली, म्हणजे कॅश केलेली पानं झटकन मिळतात, त्याचा भार फारसा पडत नाही. पण कार्ट, चेकआउट (पैसे भरायचं पान) आणि 'माझं खातं' ही पानं कॅश करता येत नाहीत, करूही नयेत. नाहीतर एकीची पिशवी दुसरीला दिसायची. शिवाय ज्याने कार्टमध्ये काही टाकलंय त्याला सहसा पुढची पानंही ताजी बनवून द्यावी लागतात. म्हणजे मोदकांची गर्दी आणि खरेदीची गर्दी नेमकी एकाच मशीनवर आदळते. आमचं सर्वांत स्वस्त होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, त्या दिवसांत मान टाकायचं. एक पायरी वरचं घेतल्यावर फरक पडला. नुसत्या ब्लॉगला जे पुरतं ते दुकानाला पुरत नाही, हा खर्च आधीच धरा.

साठ्याच्या बाबतीत किराणा विकणाऱ्यांनी हे नीट वाचावं. कोकमं आम्ही २५० ग्रॅम, अर्धा किलो आणि एक किलो अशी विकतो. वूकॉमर्समध्ये हे एकाच वस्तूचे तीन प्रकार होतात. साठा मुख्य वस्तूवर ठेवला तर पाव किलोचं पाकीट गेलं तरी एक कमी, किलोचं गेलं तरी एकच कमी. गोणीत किती किलो उरलंय याचा हिशेब त्याला मुळात समजत नाही. म्हणून प्रत्येक पाकिटाचा साठा वेगळा मोजतो आणि वहिनी आधीच पाकिटं भरून ठेवते. वजनावर चालणाऱ्या धंद्याला ही अडचणच आहे.

पाठवणीचंही तसंच. मुळात तीनच पर्याय मिळतात: ठरीव दर, मोफत पाठवणी आणि दुकानातून उचलणे. वजनानुसार दर हवा तर वेगळं प्लगइन. आम्ही ते घेतलं नाही. काचेच्या बाटल्यांना 'जड' असा वर्ग करून ठरीव दरात जादा रक्कम लावली. विभाग पिनकोडवरून पाडता येतात, मुंबई-ठाणे आणि नवी मुंबईच्या बऱ्याच भागासाठी नुसतं ४००* लिहिलं की झालं. फक्त हा विभाग यादीत 'महाराष्ट्र'च्या वर ठेवा. वरून खाली पाहताना जो पहिला जुळेल तोच लागतो.

कराचं प्रकरण वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं, निदान तांत्रिक बाजूने. तीन ओळी लागतात: महाराष्ट्रासाठी सीजीएसटी (केंद्राचा वाटा), त्याखाली एसजीएसटी (राज्याचा वाटा), आणि बाकी सगळ्या भारतासाठी आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा). महाराष्ट्राच्या दोन ओळींना प्राधान्यक्रम वेगळा, म्हणजे १ आणि २, द्यावा लागतो. सारखाच दिला तर त्यातली एकच ओळ धरली जाते. आमच्यासाठी बांदा ओलांडलं की आयजीएसटी, कारण पलीकडे गोवा. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते (काही हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे). खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव हे सगळं पानावर दाखवायला हवं. वूकॉमर्समध्ये यासाठी तयार रकाने नाहीत, 'गुणधर्म' म्हणून आपणच भरायचे. एचएसएन कोड (करासाठीचा वस्तूच्या वर्गाचा क्रमांक) आणि पीडीएफ बिलासाठीही प्लगइन लागतं.

डोकेदुखी झाली ती यूपीआयने. वूकॉमर्ससोबत बँक ट्रान्सफर, चेक आणि कॅश ऑन डिलिव्हरी एवढंच येतं. यूपीआयसाठी पेमेंट गेटवेचं, म्हणजे आपल्या वतीने पैसे घेणाऱ्या सेवेचं, प्लगइन जोडावं लागतं. ग्राहक फोनवरच्या अ‍ॅपमध्ये जाऊन पैसे भरतो आणि पुष्कळदा परत आपल्या पानावर येतच नाही. त्याच्या दृष्टीने काम झालेलं असतं. अशा वेळी गेटवे मागच्या दाराने आपल्या साइटला 'पैसे मिळाले' असा निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. आमच्या होस्टिंगची सुरक्षा हा निरोपच अडवत होती. ऑर्डर 'पैसे बाकी' अशी पडून राहायची, आणि तासाभराने आपोआप रद्द व्हायची, कारण साठा अडवून ठेवायची मुदत मुळात ६० मिनिटं असते. पैसे गेलेत आणि वर ऑर्डर रद्द! दापोलीच्या एका काकूंना समजावताना माझी जी धांदल उडाली ती त्यांनी फार मनावर घेतली नाही, हे माझं नशीब. होस्टिंगवाल्यांनी निरोप येण्याचा साइटवरचा पत्ता मोकळा केल्यावर हा त्रास थांबला. दुकान उघडायच्या आधी स्वतः एक रुपयाची वस्तू करून, फोनवरून यूपीआयने भरून, पान मुद्दाम बंद करून पाहा.

याच्याशी लागून आणखी एक. वर्डप्रेसची वेळापत्रकावरची कामं साइटवर कोणी आलं तरच चालतात. रात्री तीन वाजता कोणी नसेल तर काम सकाळपर्यंत थांबतं. ब्लॉगला काही फरक पडत नाही, दुकानाला पडतो. सर्व्हरवर खरा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय, लावून घ्या. बहुतेक होस्टिंगच्या पॅनलमध्ये ती सोय असते.

कॅश ऑन डिलिव्हरी आम्ही फक्त मुंबई आणि पुण्याच्या विभागांना ठेवली. ही निवड सेटिंगमध्येच करता येते, वेगळं काही घ्यावं लागत नाही. ग्राहकाने न घेतल्याने परत आलेल्या पार्सलातली फुटलेली आगळाची बाटली एकदा साफ केली की कोणालाही हे सुचेल.

मराठीत चालवणाऱ्यांसाठी थोडं. लेखाचं नाव देवनागरीत असेल तर त्या पानाचा वेब-पत्ताही (यूआरएल) देवनागरीत बनतो, आणि आतून प्रत्येक अक्षर व प्रत्येक काना-मात्रा नऊ चिन्हांची होते. मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे जेमतेम बावीस. लांब नावाचा पत्ता मध्येच तुटतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते. मी वस्तूंचे वेब-पत्ते रोमन लिपीतच ठेवते. पीडीएफ बिलं बनवणाऱ्या काही प्लगइनांत जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाऊन बसते. विकत घेण्याआधी 'श्रीकृष्ण', 'क्षत्रिय', 'विठ्ठल' असली नावं टाकून बिल काढून पाहावं. ग्राहकाने घरचा पत्ता मराठीत भरला तर कुरिअरच्या लेबलवर चौकोन उमटतात, म्हणून चेकआउटला 'पत्ता इंग्रजीत लिहावा' अशी सूचना नाइलाजाने टाकलीय.

अपडेटचं बटण हल्ली मी शुक्रवारी दाबत नाही. ब्लॉगच्या काळात बिनधास्त दाबायचे. आता आधी बॅकअप, मग चाचणीच्या प्रतीवर अपडेट, मग एक खोटी ऑर्डर, आणि त्यानंतर खऱ्या साइटवर. यात मंगळवारची सकाळ जाते. वूकॉमर्स फुकट आहे हे खरं, पण होस्टिंग, बिलाचं प्लगइन, गेटवेचं कमिशन आणि ही सकाळ धरली तर महिन्याचा आकडा तयार दुकानाच्या भाड्याच्या आसपासच जातो. तुम्ही लिहीत नसाल, नुसतं विकायचं असेल, तर तयार दुकानच घ्या. आधीपासून वाचक असतील आणि घरात पॅकिंग करणारी वहिनी असेल, तर हे बसवा, फक्त गणपतीच्या तोंडावर बसवू नका. माघ-फाल्गुनात बसवलंत तर उन्हाळ्याच्या आगळापर्यंत घडी बसते.