जांभ्याच्या बांधाची ओल : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

देवरुखजवळ आमच्या घरामागे जांभ्या चिऱ्याचा बांध आहे, 40 फूट लांब आणि 5 फूट उंच. वर सुपारी-केळीची बाग, खाली मागची पडवी. याआधी दोनदा समोरून गिलावा केला होता. दुसऱ्या वेळी त्यात वॉटरप्रूफिंगचं लिक्विडही घातलं. दोन्ही वेळा गौरी-गणपतीपर्यंत पोपडे सुटले आणि दिवाळीत पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटला.

यंदा फेब्रुवारीत आमचे जुने गवंडी काका म्हणाले, "भाऊ, पाणी मागून येतंय आणि तुम्ही पुढून दार लावताय. माती काढा, मग बघू." त्यांचं ऐकलं, आणि आधीच ऐकायला हवं होतं असं आता वाटतं. जांभा सच्छिद्र दगड. त्याच्यामागची माती भिजली की पाणी चिऱ्यातून आणि दर्जांमधून, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतून, पुढे सरकतं आणि समोरचा गिलावा आतून ढकलतं. पाण्याला वाट मिळाली नाही तर 5 फुटांच्या बांधाच्या तळाशी दर चौरस मीटरला जवळपास दीड टन दाब येतो. नुसत्या गिलाव्याने तो कसा थोपणार?

मागची माती दोन फूट रुंदीत तळापर्यंत उकरली. दोन गडी, पाच दिवस. या कामात घाई करू नका. उकरलेल्या कडा ढासळतात, म्हणून आम्ही दहा-दहा फुटांचे तुकडे घेतले. बांध याहून उंच असेल तर आधी इंजिनियरला दाखवा. चिऱ्यांची मागची बाजू ब्रशने घासून, दर्जा भरून, पातळ गिलाव्याने सपाट केली. तो पुरता पिकल्यावर पाण्याने ओलसर करून दोन घटकांच्या ॲक्रिलिक-सिमेंट कोटिंगचे दोन हात दिले, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये एक दिवस. त्यावर जिओटेक्स्टाइलचं (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) कापड, मग फूटभर खडी. तळाला भोकांचा 4 इंची पाइप कापडात गुंडाळून वहाळाच्या दिशेने उतार देऊन टाकला. बांधातूनही दर 5 फुटांवर 3 इंची पाइप बाहेर काढले. माती परत भरताना थोडी थोडी टाकून चोपली.

समोरच्या गिलाव्यासाठी गवंडी 1:3 (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) करू म्हणत होते. मी अडून बसलो. इतका सिमेंटचा माल लवकर तडकतो आणि चिऱ्यातली राहिलेली ओल कोंडून ठेवतो. शेवटी सिमेंट, चुना, वाळू 1:1:6 असा केला. वाळू नदीची घेतली, खाडीची नाही, कारण खाडीच्या वाळूत मीठ असतं आणि तेच पुढे लोणा होऊन बाहेर येतं. आठवडाभर पाणी मारलं. माथ्यावर थोडा पुढे आलेला, मागे उतार असलेला कोबा केला आणि त्याच्या खालच्या कडेला खाच ठेवली, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळत नाही. सगळं मिळून 45 हजारांच्या आसपास गेले. दोनदा फुकट गेलेल्या गिलाव्यांचा खर्च आठवला तर हे महाग वाटत नाही.

आमच्याकडे चार महिन्यांत 3000 मिमीहून जास्त पाऊस पडतो. जुलैमध्ये पाइपांतून पाणी धो धो वाहत होतं आणि वरच्या भिंतीवर हात ठेवला तर कोरडी लागत होती. पहिल्यांदाच पडवीतला कुबट वास गेला. आईने तिथे सुपाऱ्या वाळत घातल्या, यापेक्षा वेगळं प्रमाणपत्र मला नको.

तरी दोन गोष्टी राहिल्या. पूर्वेच्या कोपऱ्यात ऑगस्टमध्ये दोन फुटांचा ओला डाग उमटला. तिथे कापडाचे दोन तुकडे एकमेकांवर पुरेसे चढवले नव्हते, गाळ आत शिरून पाइप तुंबला. आणि जमिनीलगत सहा इंचांपर्यंत लोण्याची पांढरी रेघ आहे. पायातून चढणारी ओल मागच्या कोटिंगने थांबत नाही, हे मला आधी उमगलं नव्हतं. तिथे आता समोर उथळ गटार काढून पागोळीचं पाणी लांब नेणार आहे.

पूर्वेचा कोपरा आगोटीआधी, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी, उकरायचा आहे. गवंडी काकांना मार्चसाठी सांगून ठेवलंय.